विटाळ आणि सूक्ष्मजीव : एका माठाची आठवण

शाळेच्या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा प्रथम मनात आल्या त्या नेहमीच्याच आठवणी : पहाटेची बुद्धवंदना, पंगतीतील गरम भाकरी, चौदा एप्रिलची मिरवणूक, निरोपसमारंभातील अश्रू. या आठवणी अनेकांनी आमच्यापेक्षा चांगल्या लिहिल्या आहेत. आम्हांला एक निराळी, काहीशी अवघड आठवण लिहावयाची आहे. ती आमच्या एका चुकीची आहे, आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा पहिला धडा आम्ही त्या चुकीतूनच शिकलो. आज आमच्यापैकी कोणी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, कोणी पाणीपुरवठ्याच्या खात्यात आहे, कोणी शाळेत विज्ञान शिकवतो. तरीही हा लेख सर्वांनी मिळून लिहावा असे ठरले, कारण चूकही आम्ही मिळूनच केली होती.

आम्ही तेव्हा नववीत होतो. त्या वर्षी जूनमध्ये आमच्या वर्गात एक नवा मुलगा दाखल झाला. तो भटक्या-विमुक्तांपैकी एका जमातीतला, गावोगाव पाल टाकून राहणाऱ्या कुटुंबातला होता. आमच्या खोलीत आम्ही दहा जण होतो, तो अकरावा. त्याची घरची बोली आम्हांला कळत नसे, त्याच्या कपड्यांना चुलीच्या धुराचा वास येई. पहिल्या आठवड्यातच कोणीतरी म्हणाले, "त्याने आपल्या माठात पेला घालू नये." कोण म्हणाले ते आज नक्की सांगता येत नाही. आम्ही सर्वांनी ते ऐकले आणि एकानेही हरकत घेतली नाही, एवढे मात्र पक्के आठवते. अडगळीच्या खोलीतून काठ फुटलेला एक माठ आणून आम्ही व्हरांड्यात ठेवला. त्याला कोणी काही सांगितले नाही. सांगण्याची गरजच पडली नाही. तो माठ कोणासाठी आहे, हे त्याला पाहताक्षणीच कळले.

ज्या खोलीत आम्ही हे केले तिच्या भिंतीवर चवदार तळ्याचे चित्र होते. २० मार्च १९२७ ची हकीकत आम्हांला तोंडपाठ होती. आमच्या आजोबा-पणजोबांना पाण्यासाठी काय सोसावे लागले, यावर आम्ही वक्तृत्वस्पर्धेत बक्षिसे मिळवली होती. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जी सांगितली, ती फक्त आपल्या वर उभ्या असलेल्यांचीच असते, अशी आमची सोयीची समजूत होती. आपल्याही खाली एक पायरी दाखवली की आपणही तेच करतो, हे आम्हांला त्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते.

श्रावणात वसतिगृहात जुलाब-उलट्यांची साथ आली. चार दिवसांत चौदा मुले आजारी पडली. त्यांतील आठ आमच्याच खोलीतली होती. एकाला ग्रामीण रुग्णालयात नेऊन सलाइन लावावे लागले आणि ती रात्र सर्वांनी जागून काढली. दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. काहींनी स्वयंपाकघरातल्या मावशींवर संशय घेतला. आमच्या खोलीत मात्र निष्कर्ष अगोदरच तयार होता : हा नवा मुलगा आला आणि रोग घेऊन आला. तो स्वतः आजारी पडला नव्हता, हीच आमच्या दृष्टीने त्याच्याविरुद्धची मोठी साक्ष होती. त्याला दुसरीकडे हलवावे, असे सांगावयास आम्ही विज्ञानाच्या सरांकडे गेलो. सर खोलीपर्यंत आले. त्यांनी आतला माठ पाहिला, व्हरांड्यातला माठ पाहिला, आणि तो वेगळा का, असे विचारले. कोणी उत्तर दिले नाही. सर रागावले नाहीत. "रोग कोणी आणला हे तुम्हांला कळले आहे म्हणता. मग ते तपासून पाहू," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्यांनी पाच लहान बाटल्या आणल्या. प्रत्येक बाटलीत औषध शोषलेली कागदाची पट्टी होती. पिण्याच्या पाण्यात विष्ठेतून येणारे जीवाणू असतील, तर त्यांच्या सोबतीने आढळणारे काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. त्या वायूचा बाटलीतील लोहाशी संयोग होऊन काळे लोह सल्फाइड तयार होते आणि पाणी काळे पडते. सरांनी पाच ठिकाणचे पाणी भरले : ब्लीचिंग पावडर टाकलेली वरची टाकी, स्वयंपाकघरातील पिंप, उकळून गार केलेले पाणी, आमच्या खोलीतला माठ आणि व्हरांड्यातला काठफुटका माठ. बाटल्यांवर आकडे घातले आणि त्या उबदार जागी कपाटात ठेवल्या.

एक दिवस उलटला तेव्हा पाचांपैकी एकच बाटली शाईसारखी काळी झाली होती. ती आमच्या माठाची होती. दोन दिवसांनंतरही बाकीच्या चार तशाच राहिल्या. मावशींचे पिंप स्वच्छ होते, आणि ज्याला आम्ही बाहेर काढले होते त्याचा माठही स्वच्छ होता.

आम्ही खाली मान घालून उभे होतो. सरांनी मात्र आम्हांला तेवढ्यावर सोडले नाही. "आता उलटी चूक करू नका," ते म्हणाले. "त्याचा माठ स्वच्छ निघाला म्हणून तो शुद्ध आणि तुम्ही अशुद्ध, असे काही ठरत नाही. तो एकटाच पाणी घेतो, आणि माठ कलंडून घेतो. तुमच्या माठात दहा जणांचे हात दिवसभर बुडतात. एवढाच फरक आहे." ही बाटली धोक्याची खूण दाखवते, रोग नेमका कोणत्या जंतूने झाला हे सांगत नाही, हेही त्यांनी बजावले. पुराव्याने जितके सिद्ध होते तितकेच म्हणावे, त्याहून अधिक म्हणू नये, हा विज्ञानाचा पहिला नियम आम्ही त्या काळ्या बाटलीसमोर ऐकला.

पुढचा रविवार आमच्या आयुष्यातील पहिल्या संवर्धनाचा ठरला. सूक्ष्मजीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना अन्न, ओलावा आणि ऊब दिली की ते वाढून आपली वसाहत उभारतात आणि ती वसाहत डोळ्यांना दिसते. त्यासाठी घट्ट बसणारे पोषक माध्यम लागते. सरांनी तालुक्याच्या महाविद्यालयातून काचेच्या आठ झाकणबशा मागून आणल्या. मावशींनी मटणाचे अळणी पाणी दिले. ते घट्ट कशाने करायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा सरांनी मावशींकडेच चायना ग्रास मागितले. सणासुदीला दुधाच्या गोड वड्यांसाठी त्या ते वापरत. ते समुद्री शैवालापासून निघते आणि त्याचेच शास्त्रीय नाव आगर.

हा शोधही एका स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत आला आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत प्रथम जिलेटिन वापरत, पण जीवाणू वाढवण्यासाठी जी शरीराइतकी ऊब द्यावी लागते तिच्यात ते वितळून जाई. तेथे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी मुरंबे-जेलीसाठी आगर वापरीत. १८८१ मध्ये त्यांनी ते सुचवले आणि जगभरच्या प्रयोगशाळांची अडचण दूर झाली. मावशींनी हे ऐकले आणि हातातले काम थांबवून सरांना ते पुन्हा एकदा सांगावयास लावले.

माध्यम आणि बशा मावशींच्या प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक झाल्या. साध्या उकळण्याने पाणी १०० अंशांवर थांबते. बहुतेक रोगजंतू तेवढ्याने मरतात, पण काही जीवाणू कठीण कवचाच्या बीजाणूंच्या रूपात त्यातूनही तगतात. कुकरमध्ये वाफ कोंडली की तापमान सुमारे १२१ अंशांपर्यंत चढते आणि पंधरा-वीस मिनिटांत बीजाणूही नष्ट होतात. मोठ्या प्रयोगशाळांतील ऑटोक्लेव्ह नावाचे यंत्र म्हणजे तत्त्वतः असाच एक मोठा कुकर.

एका बशीला कोणीही स्पर्श केला नाही. प्रयोगात तुलनेसाठी अशी एक बशी ठेवावीच लागते. दुसरी काही वेळ उघडी ठेवली. उरलेल्यांवर अंगठे टेकवले : सरांचा, आमच्या खोलीनायकाचा, नव्या मुलाचा, साध्या पाण्याने धुतलेला एक, साबणाने घासून धुऊन कोरडा केलेला एक, आणि आठवीवर नुसते एक नाणे. बशांवर नावे नव्हती, फक्त आकडे. झाकणे चिकटपट्टीने बंद केली, आणि ती पुन्हा कोणी उघडायची नाहीत अशी सक्त ताकीद मिळाली.

दोन दिवसांनी त्या बशांत एक निराळेच जग उगवले होते. पांढरे, पिवळे, केशरी ठिपके. एका बशीत कापसासारखी बुरशी. न शिवलेली बशी कोरी होती. साबणाच्या हाताच्या बशीत ठिपके थोडे होते, पण होते. साध्या पाण्याने धुतलेला हात न धुतलेल्यापेक्षा फारसा बरा नव्हता. सरांनी बशा रांगेत मांडल्या आणि विचारले, "यांतली नव्या मुलाची कोणती आणि खोलीनायकाची कोणती, ते ओळखा." आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. ओळखता येत नव्हते. त्याची बशी आमच्यापेक्षा अधिक भरलेली नव्हती आणि कमीही नव्हती. सरांचीही तशीच होती.

मग सरांनी फळ्यावर धडा लिहिला. सामान्यतः एक ठिपका म्हणजे एका जीवाणूपासून वाढलेली संपूर्ण वसाहत. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रोमीटर होतो. आपल्या आतड्यात राहणारा कोलाय जीवाणू असा जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब असतो. अनुकूल परिस्थितीत तो वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. या गतीने सात तासांत एकवीस वेळा दुप्पट झाला तर एकाचे वीस लाखांहून अधिक होतात. रात्री झोपताना माठात पडलेले बोट सकाळी किती महाग पडू शकते, याचा अंदाज तेव्हा आला. जीवाणूंच्या पेशीत स्वतंत्र केंद्रक नसते. कवके, किण्व, आदिजीव आणि सूक्ष्म शैवाले यांच्या पेशीत ते असते. विषाणू तर या सर्वांहून लहान. दुसऱ्या सजीवाच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला आपली प्रतही काढता येत नाही, म्हणून आमच्या बशीत तो उगवणार नव्हता. आणि हे सर्व शत्रू नव्हेत. दुधाचे दही करणारे, हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत हवेतला नायट्रोजन बांधून ठेवणारे, पालापाचोळ्याचे खत करणारे, आपल्या पोटात राहून अन्न पचवण्यास मदत करणारे तेच. माणसाच्या शरीरात स्वतःच्या जितक्या पेशी असतात, जवळजवळ तितकेच जीवाणू असतात, असा आजचा अंदाज आहे. पूर्ण "निर्जंतुक" असा मनुष्य पृथ्वीवर नाही. शुद्ध कुळ ही कल्पना सूक्ष्मदर्शकाखाली एक क्षणही टिकत नाही.

हे जग प्रथम पाहणारा मनुष्य विद्यापीठात शिकलेला नव्हता. अँटनी व्हान लेव्हेनहूक हा हॉलंडमधील डेल्फ्टचा कापडव्यापारी. विद्वानांची लॅटिन भाषाही त्याला येत नव्हती. स्वतः घासलेल्या एका छोट्या भिंगातून त्याने पाणी पाहिले आणि १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्यातील चिमुकल्या जीवांचे वर्णन कळवले. सर हे सांगताना मुद्दाम आमच्याकडे पाहत. पाहण्याचा अधिकार कुळावर ठरत नाही, हे त्यांना सांगावयाचे होते.

दुसरी कथा त्यांनी सांगितली ती इग्नाझ सेमेलवाइस यांची. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतिणी तापाने मरत होत्या. सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात मृत्यू कितीतरी अधिक होते. डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत, हे सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांना ते पटले नाही. आपल्यासारख्यांच्या हातून रोग पसरतो, हे मान्य करणे त्यांना जड गेले. त्या मंडळींत आम्ही स्वतःला ओळखले.

भन्तेजी वर्षावासासाठी शाळेतच होते. त्या रविवारी सायंकाळी त्यांनी वेगळे प्रवचन दिले नाही. विनयपिटकातील एक प्रसंग तेवढा सांगितला. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. त्याचा काही उपयोग नाही म्हणून सोबत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याच्यावर पाणी ओतले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. भिक्षूंच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र असते, हेही त्यांनी सांगितले. त्याचा मूळ हेतू पाण्यातील जीवांवरील करुणा हा आहे. सरांनी त्यात भर घातली : कापडाची छिद्रे जीवाणूंना अडवण्याइतकी बारीक नसतात, म्हणून गाळल्यावरही उकळावे किंवा क्लोरीन घालावे. पुढे, २००३ मध्ये, बांगलादेशातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीच्या घड्या करून त्यातून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले होते. पटकीचे जीवाणू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि ते प्राणी घडीत अडकतात. ते वाचले तेव्हा आम्हांला त्या सायंकाळची आठवण झाली.

महाडची गोष्टही त्या दिवसानंतर आम्ही नव्याने वाचली. सत्याग्रहानंतर तळे बाटले म्हणून त्याचे "शुद्धीकरण" झाले. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि ते पुन्हा तळ्यात ओतले. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की माणसांनी ओंजळभर पाणी प्यायल्याने नव्हे, तर पाण्यात शेण मिसळल्याने ते दूषित होते. हे वाचून पूर्वी आम्ही हसत असू. नंतर हसता आले नाही, कारण काठफुटका माठ आम्ही स्वतः व्हरांड्यात ठेवला होता.

आज पालक आणि विद्यार्थी यांच्यासाठी आम्हांला जे सांगावेसे वाटते ते एवढेच. विटाळ आणि संसर्ग हे दोन शब्द सारखे भासले तरी त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संसर्ग कृतीतून होतो. तो तपासता येतो, टाळता येतो, हात धुतल्याने घटतो आणि रोगी बरा झाला की संपतो. विटाळ जन्माला चिकटवलेला असतो. तो कोणत्याही भिंगातून दिसत नाही आणि कोणत्याही पाण्याने धुतला जात नाही, कारण तो ज्याच्यावर लादला जातो त्याच्या अंगावर नसतोच. तो लादणाऱ्याच्या मनात असतो. रोगापासून सावध राहताना माणसापासून दूर जावे लागले, तर ते किती दिवस आणि कशासाठी हे स्पष्ट असावे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. धोका नव्हता असे नाही. धोका होता, आणि तरीही मूल उचलायचे होते.

आणखी एक गोष्ट आम्हांला नोकरीत शिरल्यावर कळली. जंतू जात पाहत नाहीत हे खरे; पण नळ कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचतो, गटार कोणाच्या दारावरून वाहते आणि ते उपसायला कोण उतरतो, हे आजही बहुधा जातच ठरवते. म्हणून रोगही सर्वांना सारखा होत नाही. आपल्या मुलांनी सूक्ष्मजीवशास्त्र शिकावे ते केवळ नोकरीसाठी नव्हे, यासाठीही.

त्या रविवारनंतर दोन्ही माठ खोलीत शेजारी आले. शाळेने प्रत्येक खोलीला लांब दांड्याचे ओगराळे दिले, नळाजवळ साबण ठेवला, आणि माठात हात घालणाऱ्याला एक आठवडा माठ घासण्याचे काम लागले. साथ ओसरली. आम्ही नव्या मुलाची क्षमा मागितली. तो "असू द्या" म्हणाला नाही. नुसता आमच्याकडे पाहत राहिला आणि मग ओगराळ्याने पाणी घेऊन प्याला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. सर त्याला शोधण्यासाठी गेले, तेव्हा ती पाले तेथून उठली होती. तो आमच्यामुळे परतला नाही की घरच्या अडचणीमुळे, हे आम्हांला कधीच कळले नाही. साथीचे कारण पाच बाटल्यांनी सांगितले. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बाटलीत नव्हते.

ही स्मरणिका कधी त्याच्या किंवा त्याच्या मुलांच्या हाती पडली, तर त्यांनी इतके जाणावे की आम्ही ती गोष्ट विसरलो नाही. आणि आज शाळेत असलेल्या विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की आपल्या खोलीत यंदा जो नवा आला असेल, त्याच्या हाती पहिल्याच दिवशी ओगराळे द्यावे आणि माठ कोठे आहे ते दाखवावे.

नमो बुद्धाय. जय भीम.